बंडखोर मोटारींचा कारागीर

मोटार आधी जन्माला येते आणि तिची खेळण्यातली प्रतिकृती मागाहून, हा जगाचा नेहमीचा क्रम. एड रॉथ या अमेरिकन कारागिराच्या एका मोटारीच्या बाबतीत काळाने हा क्रम उलटा फिरवला. रॉथने १९६३ मध्ये बांधलेली ‘मिस्टेरियॉन’ ही अजब मोटार काही वर्षांतच मोडकळीस आली आणि तिचे भाग विखुरले. तिच्या प्लास्टिक प्रतिकृतीचे जुळणी-संच मात्र घरोघरच्या कपाटांत आणि माळ्यांवर शिल्लक राहिले. पुढे तिच्या चाहत्यांनी ती पूर्ण आकारात पुन्हा बांधायला घेतली, तेव्हा जुन्या छायाचित्रांच्या जोडीला त्यांनी आधार घेतला तो याच वीतभर लांबीच्या प्लास्टिकच्या मोटारीचा. ज्या वस्तूवर रॉथला नगामागे अवघा एक सेंट मिळत होता, त्याच वस्तूने त्याची हरवलेली कलाकृती जपून ठेवली.

‘बिग डॅडी’ या टोपणनावाने ओळखल्या गेलेल्या रॉथचे ४ एप्रिल २००१ रोजी निधन झाले. मोटारीचा कारखाना त्याच्या मालकीचा नव्हता की अभियांत्रिकीची पदवी त्याच्या नावापुढे नव्हती. तरीही विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील अमेरिकी तरुणाईच्या दृश्यसंस्कृतीचा इतिहास लिहिताना त्याचे नाव टाळता येत नाही.

शिस्तीच्या घरातला मुलगा

एड रॉथचा जन्म ४ मार्च १९३२ रोजी कॅलिफोर्नियातील बेव्हर्ली हिल्स येथे झाला. हे नाव आज चित्रपट तारे-तारकांच्या प्रासादांशी जोडले गेले असले तरी रॉथचे घर त्या श्रीमंतीतले नव्हते. आई-वडील जर्मन वंशाचे. वडिलांच्या हाती लाकूडकामाची कला होती आणि घरातली शिस्त कडक होती. लॉस एंजलिसच्या परिसरातील बेल या कष्टकरी वस्तीच्या गावात एड आणि त्याचा धाकटा भाऊ लहानाचे मोठे झाले. वडिलांच्या कार्यशाळेत हत्यारे होती, लाकडाचे तुकडे होते आणि ती वापरण्याची मुभाही होती. हाताने वस्तू घडवण्याचा पहिला धडा एडला तिथे मिळाला. शाळेत मात्र वहीच्या कडेला विमाने, राक्षस आणि मोटारी काढण्यातच त्याचे मन रमत असे.

तो काळ दुसऱ्या महायुद्धानंतरचा होता. युद्धावरून परतलेले तरुण, त्यांच्या खिशातले थोडेफार पैसे, हाती असलेले यंत्रांचे ज्ञान आणि भंगाराच्या भावात मिळणाऱ्या जुन्या फोर्ड मोटारी, या साऱ्यांतून दक्षिण कॅलिफोर्नियात ‘हॉट रॉड’चे वेड फोफावले. हॉट रॉड म्हणजे जुनी मोटार घेऊन तिचे वजन उतरवायचे, मडगार्ड आणि बॉनेट काढून टाकायचे, इंजिन अधिक ताकदीचे बसवायचे आणि वेगासाठी तिला नवे रूप द्यायचे. फोर्ड कंपनीने १९३२ मध्ये आठ सिलिंडरचे व्ही-८ इंजिन सर्वसामान्यांच्या मोटारीत आणले होते. त्यामुळे त्या आणि त्यापुढच्या काही वर्षांतील फोर्ड मोटारी या मंडळींच्या विशेष आवडीच्या ठरल्या. म्यूरॉक आणि एल मिराज येथील कोरड्या तलावांच्या सपाट पात्रांत वेगाच्या चाचण्या होत. त्यांना शिस्त लावण्यासाठी १९३७ मध्ये सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन स्थापन झाली आणि जानेवारी १९४८ मध्ये ‘हॉट रॉड’ हे मासिकही सुरू झाले.

या वाऱ्यात एड रॉथ वाढला. विशीत पोहोचण्यापूर्वीच त्याने १९३३ सालची एक फोर्ड कूपे मिळवली होती. १९४९ मध्ये बेल हायस्कूलमधून बाहेर पडल्यावर त्याने अभियांत्रिकी शिकण्यासाठी महाविद्यालयात नाव घातले. मोटारीविषयी आपल्याला हवे ते इथे शिकायला मिळत नाही, हे उमगल्यावर त्याने ते शिक्षण अर्धवट सोडले.

रेघांपासून सुरुवात

१९५१ मध्ये रॉथ अमेरिकी हवाई दलात दाखल झाला. तिथे त्याला नकाशे तयार करण्याचे शिक्षण मिळाले आणि काही काळ त्याची नेमणूक आफ्रिकेत झाली. १९५५ मध्ये तो सेवेतून मुक्त झाला, तोवर त्याच्या अंगावर कुटुंबाची जबाबदारी आली होती. पुढे तो पाच मुलग्यांचा बाप झाला. पोटासाठी त्याने सिअर्स या दुकानसाखळीत मालाच्या मांडणीच्या विभागात नोकरी धरली आणि संध्याकाळी, सुट्टीच्या दिवशी लोकांच्या मोटारींवर रंगाच्या बारीक रेघांची नक्षी काढण्याचा जोडधंदा सुरू केला.

या रेघांच्या कलेला ‘पिनस्ट्रायपिंग’ म्हणतात. लांब केसांच्या मऊ कुंचल्याने, हात न थरथरता, मोटारीच्या वळणांवरून एका दमात रेघ ओढत न्यावी लागते. कॅलिफोर्नियात ‘वॉन डच’ या नावाने वावरणाऱ्या केनी हॉवर्ड या कलावंताने या कलेला वेडेवाकडे, नवे वळण दिले होते आणि रॉथवर त्याचा मोठा प्रभाव होता. पुढे ‘बॅरन’ या नावाने परिचित असलेल्या एका ज्येष्ठ रंगाऱ्यासोबत त्याने भागीदारीत व्यवसाय केला आणि त्यानंतर मेवूड येथे स्वतःचा स्टुडिओ थाटला.

रॉथच्या घराला खऱ्या अर्थाने हातभार लावला तो कपड्यांनी. मोटारींच्या प्रदर्शनांत एका कोपऱ्यात बसून तो फवाऱ्याच्या पेनाने टी-शर्टांवर राक्षस रंगवून देऊ लागला. बाहेर आलेले रक्ताळलेले डोळे, लोंबणारी जीभ, सुळे, एका हातात गिअरचा दांडा आणि खाली धूर ओकणारी मोटार, अशी ती चित्रे असत. १९५०च्या दशकाच्या अखेरीस पोरांच्या त्यावर उड्या पडू लागल्या. आई-वडिलांच्या भुवया जितक्या उंचावत, तितकी मागणी वाढे. मोटारी बांधण्यासाठी लागणारा पैसा रॉथने मुख्यतः या शर्टांच्या विक्रीतून उभा केला.

पत्र्याऐवजी काचतंतू

तोवर हॉट रॉड म्हणजे कारखान्यातून आलेल्या मोटारीत केलेले फेरफार, अशीच कल्पना होती. पत्रा कापणे, ठोकणे, जोडणे यासाठी वर्षानुवर्षांचे कसब लागे. रॉथकडे ते कसब नव्हते. त्याने वेगळी वाट धरली. काचतंतू आणि राळ यांपासून बनणारे फायबर ग्लास त्या सुमारास बोटींसाठी वापरात येऊ लागले होते. रॉथने त्यातून मोटारीची काया घडवायचे ठरवले.

त्याची पद्धत एखाद्या मूर्तिकाराला सहज कळावी अशी होती. लाकूड आणि हाती लागेल त्या सामानाचा ढोबळ आकार उभा करायचा, त्यावर प्लास्टरचा लगदा थापायचा आणि तो कानशीने घासत हवे ते वळण मिळवायचे. त्यावर फायबर ग्लासचे थर चढवायचे आणि ते कडक झाले की आतले प्लास्टर फोडून बाहेर काढायचे. मग सुरू होई ती घासण्याची आणि लांबी भरण्याची न संपणारी कामे. उंचवटा दिसला की घासा, खळगा दिसला की भरा. नकाशे काढून, मापे ठरवून केलेले हे काम नव्हते. चूक करायची, ती हाताला जाणवली की दुरुस्त करायची आणि पुढे जायचे, हाच त्याचा आराखडा होता.

या पद्धतीने १९५९ च्या सुमारास ‘आउटलॉ’ तयार झाली. आरंभी तिचे नाव ‘एक्सकॅलिबर’ होते. कॅडिलॅक इंजिनावर धावणाऱ्या या मोटारीने फायबर ग्लासच्या कायेची शक्यता हॉट रॉडच्या जगाला दाखवून दिली. तिच्यामागोमाग १९६१ मध्ये ‘बीटनिक बँडिट’ आली. तिला नेहमीचे छप्पर नव्हते. तापवून मऊ केलेल्या पारदर्शक प्लास्टिकच्या तक्त्यात हवा फुगवून बनवलेला एक बुडबुडा तिच्यावर बसवला होता. सुकाणूचे चाकही नव्हते. वळणे, वेग आणि थांबणे या साऱ्यांसाठी विमानासारखा एकच दांडा होता. अंतराळयुगाची स्वप्ने पाहणाऱ्या त्या दशकाला ही मोटार म्हणजे आपल्या मनातलेच चित्र वाटले.

एका सेंटचा करार

कॅलिफोर्नियातीलच व्हेनिस येथे रेव्हेल ही प्लास्टिक प्रतिकृतींचे संच बनवणारी कंपनी होती. लुईस ग्लेझर या उद्योजकाने १९४०च्या दशकात स्थापन केलेल्या या कंपनीने जुन्या मोटारी, युद्धनौका आणि विमाने यांच्या संचांवर नाव कमावले होते. मात्र मोटारींच्या क्षेत्रात मिशिगनमधील एएमटी या कंपनीने १९५८ पासून चालू वर्षाच्या मोटारींचे संच आणून मोठी बाजी मारली होती. एकाच डब्यातून मूळ, सजवलेली किंवा शर्यतीची मोटार बनवता येईल, अशी सोय एएमटीने दिली होती. त्याला तोड म्हणून रेव्हेलला काही निराळे हवे होते आणि ते मेवूडच्या स्टुडिओत सापडले.

रेव्हेलने रॉथच्या मोटारी आणि त्याचे राक्षस, दोन्हींचे हक्क घेतले. ‘बिग डॅडी’ हे नावही कंपनीच्या प्रसिद्धी विभागाच्या डोक्यातून निघालेले. विकल्या जाणाऱ्या प्रत्येक संचामागे रॉथला एक सेंट देण्याचे ठरले. ही रक्कम हास्यास्पद वाटावी इतकी लहान होती. तरी १९६३ या एका वर्षात त्याला त्यातून ३२ हजार डॉलर मिळाले. एका सेंटच्या हिशेबाने याचा अर्थ ३२ लाख संच असा होतो. मेवूडच्या गॅरेजमध्ये एकुलती एक बांधली गेलेली मोटार अशा रीतीने अमेरिकेच्या गावागावांतील मुलांच्या टेबलावर पोहोचली.

पूर्ण आकाराची मोटार डब्यात मावेल इतकी लहान करणे हे स्वतंत्र शास्त्र होते. प्रत्यक्ष मोटारीची मापे आणि छायाचित्रे घेतली जात. त्यावरून कारागीर अंतिम प्रतिकृतीपेक्षा मोठा नमुना कोरून काढत. मोठ्या नमुन्यावरून फिरणाऱ्या सुईच्या हालचाली लहान करणाऱ्या यंत्राच्या साह्याने पोलादी साचे कापले जात. या साच्यांत वितळलेले पॉलिस्टायरिन प्रचंड दाबाने सोडले जाई. थंड झाल्यावर साचा उघडला, की एका चौकटीला लगडलेले भाग हाती येत. चकाकीचे भाग निर्वात पेटीत ठेवून त्यांवर ॲल्युमिनियमचा अतिशय पातळ थर चढवला जाई.

टेबलावरची दुरुस्ती

रॉथच्या बहुतेक मोटारींचे संच एकास पंचवीस या प्रमाणात आले. चार मीटरची मोटार या प्रमाणात १६ सेंटिमीटरची होते. हे प्रमाण ऐकायला सोपे असले तरी त्यातच या छंदाची सारी मेख आहे. प्रतिकृतीत एका मिलिमीटरची चूक म्हणजे खऱ्या मोटारीत अडीच सेंटिमीटरची चूक. प्लास्टिक साच्यात नीट वाहावे यासाठी भिंतीची जाडी एक मिलिमीटरच्या आसपास ठेवावी लागते. खऱ्या मोटारीत तोच पत्रा अडीच सेंटिमीटर जाड झाला असता. भाग साच्यातून सुटावा म्हणून त्याच्या बाजूंना किंचित उतार द्यावा लागतो आणि मूळच्या सरळ कडा तिरक्या होतात. म्हणजे संचातील काही चुका हलगर्जीपणाच्या नसतात. त्या साच्याच्या स्वभावातूनच आलेल्या असतात.

म्हणूनच मुरलेला जुळारी डबा उघडल्यावर लगेच गोंदाची बाटली उचलत नाही. साच्याचे दोन भाग जिथे मिळतात तिथे उमटलेली रेघ तो पात्याने खरवडतो. जाड भाग थंड होताना आकसून पडलेले खळगे आणि भाग ढकलून काढणाऱ्या खिळ्यांचे गोल ठसे तो लांबीने भरतो. त्यानंतर पॉलिश पेपरने, आधी खरबरीत आणि मग बारीक, पाण्याखाली घासतो. कोरड्यावरच सारे भाग एकमेकांवर बसवून पाहतो. चाके जमिनीला टेकतात का, मोटार योग्य तेवढी पुढे झुकते का, हे रंग लावण्यापूर्वीच पाहावे लागते. हॉट रॉडमध्ये बसण्याची ढब हेच सौंदर्य असते.

पॉलिस्टायरिनचा गोंद हा खरे तर चिकटवत नाही, तो प्लास्टिक वितळवून दोन भागांना एकजीव करतो. त्यामुळे चकाकीचा थर खरवडल्याशिवाय जोड पक्का बसत नाही. रॉथच्या मोटारींत तर चकाकी जागोजागी आहे. सर्वांत मोठी परीक्षा त्या पारदर्शक बुडबुड्याची. गोंदाचा एक थेंब ओघळला की तो कायमचा डागाळतो आणि झटपट सुकणाऱ्या गोंदाच्या वाफेने त्यावर पांढुरके धुके चढते. म्हणून जाणकार तिथे साधा पांढरा डिंक वापरतात. त्यापुढे हौस असेल तर इंजिनाला स्पार्क प्लगच्या तारा जोडणे, धुराड्यांची तोंडे कोरून पोकळ करणे, जाड कडा आतून घासून पातळ करणे, अशी कामे वाढतच जातात.

गंमत अशी, की टेबलावर चालणारी ही कामे आणि रॉथच्या गॅरेजमधली कामे यांत आकार सोडला तर फारसा फरक नव्हता. तोही खळगे भरत होता, उंचवटे घासत होता, बसत नाही तो भाग कापून पुन्हा बसवत होता. १०-१२ वर्षांचा मुलगा ‘आउटलॉ’ जुळवताना नकळत रॉथचीच उमेदवारी करत होता.

उंदीर आणि मिस्टेरियॉन

१९६३ हे रॉथच्या कीर्तीचे शिखर ठरले. त्याच्या ‘रॅट फिंक’ या हिरव्या, ढेरपोट्या, माश्या घोंगावणाऱ्या उंदराने त्या वर्षी देशभर धुमाकूळ घातला. डिस्नेच्या नीटनेटक्या, आज्ञाधारक मिकी माउसला दिलेले हे उत्तर होते. टी-शर्टांवर तर तो होताच. रेव्हेलने त्याचाही प्लास्टिक संच काढला आणि त्यामागोमाग ‘मदर्स वरी’, ‘ड्रॅग नट’ अशी राक्षसांची रांगच लावली. त्याच वर्षी टॉम वुल्फ यांनी ‘एस्क्वायर’ मासिकात सजवलेल्या मोटारींच्या कॅलिफोर्नियातील जगावर गाजलेला लेख लिहिला. जॉर्ज बॅरिस आणि एड रॉथ यांच्याकडे मिस्त्री म्हणून न पाहता कलावंत म्हणून पाहावे, ही दृष्टी त्या लेखाने सुशिक्षित वाचकांना दिली.

‘मिस्टेरियॉन’ही त्याच वर्षीची. तिच्यात एक नव्हे, तर फोर्डची दोन अवजड व्ही-८ इंजिने शेजारी शेजारी बसवली होती. समोरच्या दिव्यांची रचना मुद्दाम विषम ठेवली होती. पिवळीधमक काया आणि वर बुडबुडा. ती पाहणाऱ्याची नजर हलत नसे. पण दोन इंजिनांच्या वजनापुढे सांगाडा कमजोर पडला. एका प्रदर्शनाहून दुसऱ्या प्रदर्शनाला ट्रकवरून जाताना जोड तडकत आणि ते पुनःपुन्हा सांधावे लागत. शेवटी ती मोडीत निघाली. रेव्हेलच्या संचात मात्र सांगाड्यावर तसला भार कधीच येणार नव्हता. प्लास्टिकची दोन्ही इंजिने वजनाला हलकी होती.

त्यानंतर मागे इंजिन असलेली ‘रोड एजंट’, शेजारी लाटांवर स्वार होण्याची फळी घेऊन धावणारी चिमुकली ‘सर्फाइट’ आणि १९६४ ची ‘ऑर्बिट्रॉन’ आली. ‘ऑर्बिट्रॉन’च्या तोंडावर लाल, हिरवा आणि निळा असे तीन दिवे होते. तिन्ही रंग मिसळून पांढरा झोत पडावा, ही कल्पना. चकाकणारे इंजिन मात्र बॉनेटखाली दडले होते आणि प्रेक्षकांनी तिच्याकडे पाठ फिरवली. रॉथच्या स्टुडिओत याच सुमारास एड न्यूटन आणि रॉबर्ट विल्यम्स हे चित्रकार काम करत होते. त्यांतील विल्यम्स यांनी पुढे भूमिगत चित्रकथांच्या चळवळीत नाव मिळवले आणि १९९४ मध्ये ‘जक्स्टापोझ’ हे कलाविषयक मासिक सुरू करण्यात पुढाकार घेतला.

१९६८ मध्ये मॅटेल कंपनीने ‘हॉट व्हील्स’ या छोट्या धातूच्या मोटारी बाजारात आणल्या. त्यांच्या पहिल्या १६ मोटारींत ‘बीटनिक बँडिट’ होती. आज भारतातील खेळण्यांच्या दुकानांत मुले ज्या हॉट व्हील्ससाठी हट्ट धरतात, त्या परंपरेच्या मुळाशी मेवूडच्या गॅरेजचाही वाटा आहे.

उतार आणि वळण

साठचे दशक सरत आले तसे वारे बदलले. डेट्रॉइटच्या कारखान्यांतूनच ताकदवान इंजिनांच्या मोटारी स्वस्तात बाहेर पडू लागल्या आणि घरी मोटार बांधण्याची गरज ओसरली. संगीत आणि युद्धविरोधी आंदोलने यांनी तरुणांचे लक्ष वेधून घेतले. रॉथ मोटारसायकलींकडे वळला. १९६७ मध्ये त्याने ‘चॉपर्स’ हे मासिक काढले आणि बदनाम मोटारसायकल टोळ्यांतील लोकांशी त्याची उठबस वाढली. त्याआधी जर्मन सैनिकी हेल्मेटच्या प्लास्टिक प्रतिकृती आणि लोखंडी क्रॉस यांसारख्या वस्तू विकून त्याने टीका ओढवून घेतली होती. युद्धाच्या जखमा ताज्या असलेल्या समाजात हा खोडसाळपणा अनेकांना रुचला नाही. मुलांसाठी खेळणी बनवणाऱ्या रेव्हेललाही टोळ्यांशी असलेली ही जवळीक परवडणारी नव्हती. करार संपुष्टात आला.

१९७० मध्ये रॉथचा स्टुडिओ बंद पडला. मोटारी विकाव्या लागल्या. त्यांतील बऱ्याच गाड्या ब्यूना पार्क येथील मोटारींच्या एका संग्रहालयाच्या मालकाने घेतल्या आणि रॉथ त्याच संग्रहालयात नोकरीला लागला. काही वर्षांपूर्वी ज्याच्या नावावर लाखो डबे विकले जात होते, तो आता पाट्या रंगवून महिन्याचा पगार घेत होता. पुढे नॉट्स बेरी फार्म या मनोरंजन उद्यानातही त्याने अनेक वर्षे पाट्या रंगवण्याचेच काम केले. कुंचला हातातून सुटला नव्हता, एवढेच समाधान.

१९७४ मध्ये रॉथने मॉर्मन पंथाची दीक्षा घेतली. दाढी गेली, पेहराव बदलला, सोबतही बदलली. ज्या माणसाने एका पिढीला घाणेरड्या उंदराच्या रूपाने उद्धटपणाचे चिन्ह दिले, तोच आता नियमित प्रार्थनेला जाऊ लागला. अनेक चाहत्यांना हा विरोधाभास वाटला. पण त्याच्या कामाची रीत पाहिली, तर त्यात नवल नव्हते. जिथे वळण चुकले असे हाताला जाणवेल, तिथे घासून पुन्हा आकार द्यायचा, हे तो आयुष्यभर करत आला होता. जुन्या राक्षसांना मात्र त्याने टाकून दिले नाही. रॅट फिंक पुढेही रेखाटला जात राहिला आणि १९८०च्या दशकात त्याच्याविषयीचे कुतूहल नव्याने जागे झाले, तेव्हा रॉथ पुन्हा प्रदर्शनांत दिसू लागला. नव्वदच्या दशकात त्याने ‘बीटनिक बँडिट’ची दुसरी आवृत्तीही बांधली.

अखेरची वर्षे त्याने युटा राज्यातील मँटाय या लहानशा गावी काढली. तिथेच, वयाच्या ६९ व्या वर्षी त्याचे निधन झाले. त्या गावात त्याच्या स्मरणार्थ चाहत्यांचे मेळावे भरू लागले. २००६ मध्ये त्याच्या आयुष्यावर ‘टेल्स ऑफ द रॅट फिंक’ हा चित्रपटही निघाला.

प्रतिकृतीची साक्ष

रॉथच्या मोटारींचे पुढे काय झाले, ही स्वतंत्र कहाणी आहे. मूळ ‘बीटनिक बँडिट’ नेवाडा राज्यातील रिनो येथील राष्ट्रीय मोटार संग्रहालयात विसावली. ‘ऑर्बिट्रॉन’ मात्र बेपत्ता झाली होती. २००७ मध्ये ती मेक्सिकोतील सिउदाद हुआरेझ शहरात, एका दुकानाबाहेर, पुढचा भाग नाहीसा झालेल्या अवस्थेत सापडली. लोक तिच्यात कचरा टाकत होते. ती कॅलिफोर्नियात आणली गेली आणि जुन्या छायाचित्रांवरून तिचे हरवलेले नाक पुन्हा घडवून २००८ मध्ये तिला मूळ रूप देण्यात आले.

‘मिस्टेरियॉन’ला तेही भाग्य लाभले नाही. तिची पुनर्बांधणी करू पाहणाऱ्यांसमोर प्रश्न होता तो मापांचा. छायाचित्रात लांबी-रुंदी फसवी असते. कॅमेऱ्याच्या भिंगाप्रमाणे ती बदलते. प्लास्टिकचा संच मात्र हातात धरून सर्व बाजूंनी मोजता येतो. पंचवीसने गुणा, की माप तयार. पण संचातही साच्याच्या सोयीसाठी केलेले फेरफार होतेच. जाड झालेल्या कडा, तिरक्या केलेल्या बाजू, सोप्या केलेल्या जोडण्या. त्या चुका पंचवीस पटींनी मोठ्या होऊन खऱ्या मोटारीत शिरल्या असत्या. म्हणून आधी संचाची छायाचित्रांशी पडताळणी, मग दुरुस्ती आणि त्यानंतर बांधणी, असा लांबचा रस्ता घ्यावा लागतो.

टेबलावर लहान प्रतिकृती सुधारणाऱ्या हौशी जुळाऱ्यापुढेही हाच पेच असतो आणि त्यात एक जास्तीची गुंतागुंत आहे. नेमके सुधारायचे कशाबरहुकूम? रॉथ स्वतः प्रदर्शनागणिक आपल्या गाड्यांत फेरबदल करत असे. आज दिसणारी मोटार, मासिकातल्या छायाचित्रातली मोटार आणि रेव्हेलच्या माणसांनी मापे घेतली त्या दिवशीची मोटार, या एकच असतीलच असे नाही. छायाचित्राशी न जुळणारा भाग ही साच्याची चूक आहे, की एका विशिष्ट दिवसाची प्रामाणिक नोंद, हे ठरवूनच पात्याला हात घालावा लागतो. घाईने केलेली दुरुस्ती कधी कधी उरलेला एकमेव पुरावा पुसून टाकते.

१९९०च्या दशकापासून रॉथचे काही जुने संच पुन्हा बाजारात आले. ते विकत घेणाऱ्यांत लहान मुलांपेक्षा पिकल्या केसांचेच लोक अधिक. बालपणी गोंदाने डागाळलेला तो बुडबुडा यावेळी तरी स्वच्छ राहावा, अशी त्यांची धडपड असते. रॉथच्या हयातीत त्याच्या वाट्याला एका डब्यामागे एक सेंट आला आणि तोही फार काळ टिकला नाही. पण त्या स्वस्त प्लास्टिकमुळे त्याच्या कल्पना मोडल्या नाहीत, गंजल्या नाहीत आणि कुणा एकाच्या मालकीच्याही राहिल्या नाहीत. दोन इंजिनांच्या भाराने तडकलेली मोटार काळाच्या ओघात गेली. तिचे माप मात्र हजारो घरांतल्या पुठ्ठ्याच्या डब्यांत सुरक्षित राहिले.